मायनस बत्तीस

दोनशे सात त्रुटी. तेजलने त्या पडद्यावर वरून खालपर्यंत मोजल्या, मग संगणकाकडूनही मोजून घेतल्या, आणि दोन्ही आकडे जुळल्यावरच विश्वास ठेवला. त्यांतल्या तीन किरकोळ होत्या: एक फाइल जोडायची राहिली होती, आणि दोन ठिकाणी नव्या कंपायलरने बाद केलेला जुना शब्द होता. त्या तिने तिथल्या तिथे निस्तरल्या. उरल्या दोनशे चार. त्या सगळ्या एकाच फाइलमधल्या, वाक्य तेच, फक्त आकडा बदलता. मायनस बत्तीस इथे मावत नाही. मायनस ब्याण्णव इथे मावत नाही. मायनस एकशे सात इथे मावत नाही. मग पुन्हा मायनस बत्तीस.

हा खटाटोप चालला होता घाटकोपरला, एका फरसाणाच्या दुकानाच्या वर, पहिल्या मजल्यावर. तिथे अंध वाचकांसाठी एक वाचनकक्ष होता. पान स्कॅन करायचं, की संगणक ते मराठीत मोठ्याने वाचून दाखवायचा. वाचणारी ती लायब्ररी, म्हणजे अक्षरांचा आवाज करणारा प्रोग्रॅमांचा संच, भांडुपच्या शिवदासकाकांनी लिहिली होती. काका जन्मांध. दिवसा सरकारी कचेरीत टेलिफोन ऑपरेटरची नोकरी आणि संध्याकाळी प्रोग्रॅमिंग, असं करत त्यांनी ती उभी केली आणि कुणाकडून पैसा न घेता वाचनकक्षाला दिली.

आता कक्षातले जुने संगणक एकेक करून मान टाकत होते. एका देणगीदाराने नवे दिले होते, जेवणाच्या डब्याएवढे छोटे, पण त्यांच्यातली चिप वेगळ्याच जातीची होती. त्यामुळे काकांची लायब्ररी त्या चिपसाठी नव्याने बांधून घ्यावी लागणार होती. हे बांधकाम करणारं अवजार म्हणजे कंपायलर, आणि तोच अडून बसला होता. आठ दिवसांनी, पुढच्या रविवारी, विश्वस्तांची बैठक होती. तोवर लायब्ररी नव्या डब्यावर बोलली तर ती राहील. नाहीतर एका कंपनीचं तयार वाचनयंत्र घ्यायचं, असं जवळजवळ ठरलेलंच होतं. मग काकांचं काम जुन्या संगणकांबरोबर भंगारात.

तेजल भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाली होती आणि पीएच.डी.च्या प्रवेशाची वाट बघत इथे अर्धवेळ काम करत होती. ती भांडुपला काकांच्या शेजारच्या खोलीत वाढली. लहानपणी ती त्यांना पेपर वाचून दाखवायची आणि कंटाळा आला की मधल्या ओळी गाळायची. काका दर वेळी पकडायचे.

"एक फ्लॅग टाक ना यार," मागून हर्षद म्हणाला. हर्षद पवईतल्या मोठ्या कंपनीत इंजिनीअर होता आणि शनिवारी इथे फुकट मदतीला यायचा. फ्लॅग म्हणजे कंपायलरला द्यायची एका शब्दाची सूचना. "या प्रकारची तक्रार करू नकोस म्हणून सांग त्याला. दोनशे वेळा तेच बोंबलतोय."

"दोनशे चार वेळा. इतक्या वेळा बोंबलतोय म्हणजे काहीतरी सांगत असेल."

"तुझी सासू आहे का तो?"

"सासू असती तर मीच फ्लॅग टाकला असता."

हर्षद हसला, तिला खुर्चीवरून उठवलं आणि स्वतः फ्लॅग टाकला. कंपायलर मुकाट्याने चालला. एकही त्रुटी नाही. लायब्ररी बांधून तयार. "बघ," हर्षद म्हणाला, "झकास. लाव एखादं पान."

तेजलने टेबलावरची बँकेची नोटीस स्कॅनरखाली सरकवली. नवा डबा किंचित खरखरला आणि बोलला, "केवायसी." मग बराच वेळ शांतता. "ओटीपी." पुन्हा शांतता. मग काहीच नाही.

नोटिशीत त्या दोन शब्दांखेरीज पानभर मराठी होतं. एक अक्षर त्याच्या तोंडून निघालं नाही.

"महत्त्वाचं तेवढं वाचलं," हर्षद म्हणाला.

"इंग्रजी तेवढं वाचलं," तेजल म्हणाली आणि तिने त्याला खुर्चीवरून उठवलं.

तिने फ्लॅग काढून टाकला. त्रुटींची यादी पुन्हा पडद्यावर आली. दोनशे चारला तिने तीनाने भागलं, अडुसष्ट आले. प्रत्येक तिसऱ्या ओळीत मायनस बत्तीस होतं. अडुसष्ट तिकड्या, आणि प्रत्येक तिकडीची सुरुवात एकच. संगणकात मराठीचं एक अक्षर तीन आकड्यांनी लिहितात, हे तिला ठाऊक होतं. म्हणजे हा काकांचा अक्षरांचा तक्ता होता. स्वर, व्यंजनं, काना-मात्रा-वेलांट्या, सगळे धरून अडुसष्ट. तिने कागदावर उत्तर काढलं आणि तो कागद हर्षदच्या समोर सरकवला.

"हे बघ. एका आकड्याला एक खण मिळतो. खणात दोनशे छप्पन्न वेगवेगळे आकडे बसू शकतात. जुनी चिप ते कसे मोजते? मायनस एकशे अठ्ठावीसपासून एकशे सत्तावीसपर्यंत. नवी चिप शून्यापासून दोनशे पंचावन्नपर्यंत. खण तोच, मोजायची सवय वेगळी."

"अरे हो!" हर्षदने कपाळावर हात मारला. "एआरएमवर, म्हणजे या नव्या जातीच्या चिपवर, साधा खण मायनस घेतच नाही. हे मी कॉलेजात शिकलेलो. कधी कामाला नाही आलं."

"येणारच नाही. इंग्रजीची सगळी अक्षरं एकशे सत्तावीसच्या आत आहेत. दोन्ही सवयींत तीच. आपली सगळी वरच्या अर्ध्यात. काकांनी जुन्या चिपवर बघितलं तेव्हा ती मायनस दिसली, म्हणून त्यांनी मायनस लिहिली. आणि पुढे प्रोग्रॅमात जिथे जिथे विचारायचं आहे की हे अक्षर मराठी आहे का, तिथे त्यांनी विचारलंय, आकडा शून्याच्या खाली आहे का? या चिपवर काहीच शून्याच्या खाली नसतं. तू कंपायलरचं तोंड बंद केलंस, म्हणून लायब्ररी बांधली गेली. पण तिला जगात मराठीच दिसेना."

"ओके, मान्य. मग दुसरा फ्लॅग आहे. नव्या चिपला सांगायचं, बाई, जुनीसारखी मोज."

हे बरोबर होतं. तसा फ्लॅग खरोखर होता. तो टाकल्यावर एकही त्रुटी आली नाही, आणि हे तोंड दाबून मिळवलेलं मौन नव्हतं. तेजलने नोटीस पुन्हा लावली. डबा मराठी बोलू लागला, पण तापल्या तेलात मोहरी टाकावी तसा. तडतडाटातून मध्येच 'खातेदार' ऐकू यायचं आणि बुडून जायचं. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ओरडलं, "खालचा फरसाणवाला वर आला की काय?"

याचं कारणही तासाभरात सापडलं. लायब्ररीचे दोन भाग होते. अक्षरांचा भाग काकांचा. आवाजाचा जुना भाग फक्त जुन्या साऊंडकार्डावर चालायचा, म्हणून प्रीतम नावाच्या एका विद्यार्थ्याने तो मोबाइलसाठी नव्याने लिहिला होता आणि दोन्ही भाग जोडून बघण्याआधीच नोकरी लागून तो निघून गेला होता. मोबाइलची चिप याच नव्या जातीची. त्यामुळे प्रीतमच्या भागात सगळं शून्यापासून दोनशे पंचावन्न. काकांच्या भागात सगळं मायनस. दोघांनी आपापल्या यंत्रावर आपापलं खरं लिहिलं होतं आणि ते दोन भाग एका यंत्रावर कधी एकत्र चाललेच नव्हते. एक फ्लॅग टाकला की काका मुके, दुसरा टाकला की प्रीतम तडतडतो.

हर्षदने बॅग उचलली. "तेजल, मनापासून सांगतो. सोड. कंपनीचं मशीन वाईट नाहीये. मी ऐकलंय, गोड आवाज आहे. आणि त्यांचा माणूस फोन उचलतो. काकांच्या लायब्ररीत उद्या बिघाड झाला तर कोण उचलणार? तू तर चाललीस पीएच.डी.ला."

त्याचं म्हणणं खरं होतं, म्हणून तेजलला जास्त राग आला. "फ्लॅग न टाकता बांधून दाखवते," ती म्हणाली. "कुठल्याही चिपवर, कुठल्याही सवयीवर. मग मी असो-नसो."

"म्हणजे हाताने सगळे खण तपासणार?"

"सगळे."

"वेडी आहेस."

"फिजिक्सवाली आहे."

भांडुपला टेकडीच्या चढावर काकांची खोली. दाराशी तेजलच्या चपलांचा आवाज झाला तसे काका आतून म्हणाले, "ये गं. काय वाट लावलीस माझ्या लायब्ररीची?"

तिने सगळं सांगितलं. काका ऐकत होते तोवर ठीक होतं. तक्त्यातले आकडे बदलावे लागतील म्हटल्यावर त्यांचा आवाज चढला. "तक्त्याला हात लावायचा नाही. ते आकडे मी मनाने नाही टाकले. तेव्हा मला वाचून दाखवणारं यंत्र इंग्रजीत बोलायचं. मी एकेक अक्षर दाबायचो आणि विचारायचो, सांग बाबा, याचा नंबर काय? ते सांगायचं, मायनस थर्टी टू, मायनस नाइन्टी टू, मायनस वन हंड्रेड सेव्हन. मी बोटांनी टाइप करायचो. अडुसष्ट अक्षरं अशी कानांनी उतरवलीत. एकही चूक नाही त्यात."

"चूक नाहीच, काका. त्या यंत्राने खरंच तसं सांगितलं."

"मग?"

"ती त्या यंत्राची मोजायची सवय होती. अक्षराचा नंबर तो नाही. अक्षर मायनस नाहीये."

काकांच्या हातात चहाचा कप होता, तो त्यांनी चाचपून जमिनीवर ठेवला.

"क चा पहिला आकडा काय मग?"

"दोनशे चोवीस."

"आणि बाकीच्यांचा?"

"सगळ्यांचा पहिला दोनशे चोवीस."

"मला वाटायचं," काका सावकाश म्हणाले, "इंग्रजी अक्षर पासष्ट, सहासष्ट, आणि आपलं मायनस. असंच असणार. कुणी केलं असेल तसं, म्हटलं. आपल्या नशिबाला मायनस नवीन आहे का?" मग एकदम त्यांनी मांडीवर थाप मारली. "साला, मी विचारलंच नाही कुणाला! मायनस कसं असेल, म्हणून एकदाही विचारलं नाही. बस इथे. काढ तो लॅपटॉप. दोनशे चोवीस लिही. सगळीकडे लिही."

तक्ता बदलणं सोपं होतं. प्रत्येक आकड्यात दोनशे छप्पन्न मिळवायचे, ते काम संगणकानेच केलं. खरं काम त्यानंतरचं, चार-पाच दिवसांचं. जिथे जिथे नुसता 'खण' म्हटलं होतं तिथे तो मायनस घेणारा की न घेणारा, हे शब्दांत लिहायचं, म्हणजे कुठल्याही चिपला स्वतःची सवय लावायला जागाच राहणार नाही. तेजल ओळ वाचायची, काका सांगायचे ती कशासाठी लिहिली. बऱ्याच ओळी त्यांना आठवत नव्हत्या. "हे मी का लिहिलं असेल?" असं ते विचारायचे, आणि मग दोघं मिळून शोधून काढायचे. 'शून्याच्या खाली आहे का?' हा प्रश्न जिथे दिसेल तिथे तेजलने 'एकशे सत्तावीसच्या वर आहे का?' असा केला. ज्या ठिकाणी खात्री वाटली नाही तिथे छोटी चाचणी लिहून बघितली.

एका ओळीवर दोघांचं वाजलं. फाइलमधून एकेक आकडा वाचायचा आणि फाइल संपली की थांबायचं, अशी ती ओळ होती.

"ही बरोबर आहे. पुढे चल," काका म्हणाले.

"संपल्याची खूण मायनस एक आहे, काका. मायनस न घेणाऱ्या खणात ती कशी राहील?"

"अगं, ही ओळ सगळेच अशी लिहितात. तुझ्या जन्माआधीपासून लिहितात."

"सगळे लिहितात म्हणून?"

"आत्ता मला शिकवू नकोस. पुढे चल!"

ती पुढे गेली. तिने वाद घातला नाही, पण जेव्हा लायब्ररी बांधून झाली, एकही फ्लॅग न टाकता, आणि तिने सोबत आणलेल्या नव्या डब्याने काकांच्या खोलीत पहिल्यांदा पान वाचलं, तेव्हा ती हात बांधून उभी राहिली. डब्याने पान छान वाचलं. तडतड नाही, गाळागाळ नाही. काकांच्या चेहऱ्यावर हसू पसरत चाललं होतं. पान संपलं, आणि डबा पुढे म्हणाला, "अज्ञात चिन्ह." मग पुन्हा, "अज्ञात चिन्ह. अज्ञात चिन्ह. अज्ञात चिन्ह."

"बंद कर ते," काका म्हणाले.

"बंदच होत नाहीये. त्याला पान संपल्याचं कळत नाही."

"अज्ञात चिन्ह," डबा म्हणाला.

"मायनस एक?"

"मायनस एक. या खणात गेलं की त्याचं दोनशे पंचावन्न होतं. शनिवारीसुद्धा तो इथेच अडकून गप्प बसला असणार. आम्हाला वाटलं, वाचून झालं."

काकांनी डब्याची वायर हाताने शोधून उपटली. खोली शांत झाल्यावर म्हणाले, "बदल ती ओळ. आणि त्या सगळ्यांनाही सांग, जे तशी लिहितात." तेजलने तिथे मोठा खण दिला, ज्यात दोनशे पंचावन्नही मावतं आणि मायनस एकही. मग तीच लायब्ररी तिने जुन्या संगणकावर बांधून बघितली आणि शेजारच्या मुलीच्या मोबाइलवरही. तिन्हीकडे ती सारखीच बोलली.

रविवारी विश्वस्त जमले. अध्यक्ष मधुवंतीताईंनी आधी कंपनीचं यंत्र लावायला सांगितलं. हर्षदने लावलं. आवाज खरोखर गोड होता, रेडिओवरच्या निवेदिकेसारखा. श्वास घेतल्याचंसुद्धा ऐकू यायचं. ताईंनी डोळे मिटून ऐकलं. "किती जिवंत," त्या म्हणाल्या. मग काकांची लायब्ररी लागली. तिचा आवाज सपाट, नाकातला, पिंपात तोंड घालून बोलल्यासारखा. एका विश्वस्ताने घसा खाकरला.

"शिवदासजी, तुमच्या कामाबद्दल आम्हाला आदरच आहे..." ताईंनी सुरुवात केली.

"आदर म्हटलं की समजायचं, पत्ता कट," काका कोपऱ्यातून म्हणाले. "माझा आवाज गोड नाही, मला माहितेय. बायकोही तेच म्हणते."

"ताई, एक मिनिट," तेजल उभी राहिली. "तुम्ही दोन्ही यंत्रं हळू वेगाने ऐकलीत. इथे कुणी त्या वेगाने वाचत नाही."

"म्हणजे?"

उत्तर जयाने दिलं. जया देवनारहून बस बदलत यायची, परीक्षांची तयारी करायची आणि कक्षात सगळ्यात जास्त वेळ बसायची. "ताई, आम्ही तिप्पट वेगाने ऐकतो. तुम्ही पानावरून झरझर नजर फिरवता ना, तसं. या निवेदिकेच्या चालीने वाचलं तर परीक्षा होईल आणि माझं पुस्तक अजून मधेच असेल."

"मग तीही तिप्पट वेगाने लावा," ताई म्हणाल्या.

"लावू या," तेजल म्हणाली. "पण कुठलं बरं वाटतं, हे विचारायचं नाही. मोजायचं. सहा वाचक, प्रत्येकाला दोन्ही यंत्रांवर पन्नास-पन्नास शब्द, एकेक वाक्य. ऐकायचं आणि ब्रेलमध्ये लिहायचं. तिघांना आधी कंपनीचं, तिघांना आधी आपलं. उतारे दोन, तेही अदलाबदल करून, म्हणजे सोपा उतारा एकाच्याच वाट्याला आला असं व्हायला नको. जे शब्द बरोबर उतरतील ते मोजायचे आणि ज्याचे जास्त ते यंत्र ठेवायचं. आपलं हरलं तर मीच काकांची लायब्ररी पुसते, आत्ता, तुमच्यासमोर."

"मला न विचारता?" काका म्हणाले.

"तुम्हाला न विचारता."

"मग चालेल," काका म्हणाले.

ताईंनी इतर विश्वस्तांकडे पाहिलं. कुणी नाही म्हणालं नाही. "पण मोजणार कोण?" एकाने विचारलं. "तेजल नको."

"मी मोजतो," हर्षद म्हणाला. "मी विरुद्ध पार्टीचा. जयाताई ब्रेल वाचून सांगतील... नको, त्याही लिहिणाऱ्यांत आहेत. काका, तुम्हीही नाही. पलीकडच्या शाळेत ब्रेल शिकवणाऱ्या बाईंना बोलावतो. कुठला कागद कुठल्या यंत्राचा, हे त्यांना सांगायचं नाही. कागदामागे मी आकडा टाकीन, तो मलाच माहीत."

तेजलने मान हलवली. इतकं तिलाही सुचलं नव्हतं.

सहा जण ब्रेलच्या पाट्या घेऊन बसले. तिप्पट वेगात दोन्ही आवाज डोळस माणसांना सारखेच न कळणारे झाले; मधुवंतीताई कपाळाला आठ्या घालून ऐकत राहिल्या आणि मग त्यांनी प्रयत्न सोडून दिला. खोलीत फक्त आवाजाची झरझर आणि मग जाड कागदावर टोचणीची टकटक. काका भिंतीला टेकून बसले होते. दर वाक्यानंतर किती वेळ टकटक चालते, ते ऐकत होते. तेजल त्यांच्या शेजारी जाऊन बसली नाही. ती खिडकीपाशी उभी राहिली, म्हणजे कुणाला वाटायला नको की तिने काही खूण केली.

ब्रेलच्या बाई आल्या, बोटांनी कागद वाचत गेल्या, शब्द सांगत गेल्या. हर्षद मूळ उताऱ्याशी ताडून बरोबर-चूक करत होता. अर्धवट शब्द त्याने चुकीत धरला. शेवटचा कागद संपल्यावर त्याने बेरीज केली, पुन्हा केली, आणि कागदांमागचे आकडे उलटून पाहिले.

"कंपनीचं यंत्र," त्याने वाचलं, "तीनशे शब्दांपैकी दोनशे तीन बरोबर. शिवदासकाकांची लायब्ररी, तीनशेपैकी दोनशे एक्क्याऐंशी."